गाद्यांच्या खोलीतला खर्ज

रुखसारची आणि माझी ओळख एका फाटक्या सोफ्यामुळे झाली. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून मी धुळ्याहून अमळनेरला आले, आणि सामानाच्या टेम्पोत सोफ्याचं रेक्झीन पार फाटलं. शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "कोपऱ्यावर कय्युमनानांचं गादीचं दुकान आहे. आता त्यांची मुलगी बघते. तिच्याकडे टाक, नवा करून देईल."

दुकान म्हणजे खाली एक लांबट गाळा आणि वर तेवढीच लांब खोली. खाली कापूस पिंजायचं मशीन, शिलाई मशीन, उशा, लोड, तक्के. वरच्या खोलीत तयार गाद्यांच्या थप्प्या, पार छताला टेकलेल्या. मी गेले तेव्हा रुखसार ओठांत बारीक खिळे धरून एका खुर्चीवर कापड ताणत होती. चाळिशीच्या आसपासची, उंच बाई, ओढणी कमरेला खोचलेली. तिने खिळे तळहातावर काढले, माझ्या मोबाइलवर सोफ्याचा फोटो पाहिला, आणि विचारलं काय तर, "ताई, तुम्ही गाणी कशावर ऐकता?"

"मोबाइलवरच," मी म्हणाले.

"मग खालचे सूर तुम्ही ऐकलेच नाहीत अजून."

खानदेशात राहून भरीत चाखलं नाही असं कुणी म्हणावं, तशा सुरात ती हे बोलली. सोफा पुढच्या आठवड्यात तयार झाला, पण तोवर मी तीनदा दुकानात जाऊन आले होते. तिचं बोलणं ऐकायलाच.

खालच्या सुरांचं हे वेड तिला वडिलांमुळे लागलं. कय्युमनानांनी सारी हयात त्या पिंजण्याच्या मशीनशेजारी काढली. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. सगळे नाही गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, चिरके आवाज गेलेत, जाड आवाज बरेच शाबूत आहेत. नानांना कव्वालीची फार आवड. कानातलं मशीन लावलं की गाणं पत्र्यावर वाजवल्यासारखं ऐकू येतं म्हणायचे, आणि काढून ठेवायचे. मशीन काढलं की मोबाइलमधली कव्वाली म्हणजे नुसती माशीची गुणगुण. शेवटी त्यांनी ऐकणंच सोडलं.

"म्हणजे बघा," रुखसार मला सांगत होती, "अब्बांना जे ऐकू येतं ते मोबाइल वाजवतच नाही. आणि मोबाइल जे वाजवतो ते अब्बांना ऐकू येत नाही. चूक कानांची एकट्यांची नाही ना?"

त्याच सुमारास धुळ्याचा हितेंद्र तिच्या दुकानात आला होता. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्राचं साउंड सांभाळतो. दोन जुने स्पीकर घेऊन आला, पुढच्या जाळीचं कापड बदलायला. रुखसारने कापड बदललं, बरोबर वाजतात का ते बघायला लावून पाहिले, आणि ते परत द्यायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी हितेंद्रच्या आईसाठी एक मऊ गादी आणि दोन तक्के गेले आणि स्पीकर इथेच राहिले. गाणं आता छान, मोकळं वाजायचं. पण स्पीकर लहान. ढोलकची थाप यायची, तिच्या खालचा घुमारा यायचा नाही. नाना खुर्चीवर बसून मान हलवायचे आणि म्हणायचे, "चांगलं शे, चांगलं शे." मुलीचं मन राखायला. रुखसारला ते कळायचं.

तिने हितेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, तुला सबवूफर पाहिजे. नुसते खालचे सूर वाजवणारी वेगळी पेटी. विकत मिळते, पण घरीही बनते.

"घरी बनते" हे दोन शब्द रुखसारला पुरेसे होते.

एका रविवारी आम्ही दोघी रेल्वेने जळगावला गेलो. बारा इंची स्पीकर घेतला, त्याला चालवणारा अॅम्प्लिफायर घेतला. परतीच्या गाडीत तिने तो स्पीकर मांडीवर असा धरला होता की समोरच्या बाईने विचारलं, "केक आहे का?" रुखसारने कागद बाजूला करून तिला काळा पडदा दाखवला, बोटाने हलकेच दाबून तो कसा मागे जातो आणि पुढे येतो तेही दाखवलं. अमळनेर येईपर्यंत डब्यातल्या चार बायांनी तो दाबून बघितला होता.

पेटीचं लाकूडकाम तिच्या नवऱ्याने केलं. तनवीर मूळचा बोदवडचा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मोजून मापून बोलणारा माणूस. जाड प्लायवूड कापून, गोंद आणि स्क्रू लावून त्याने घट्ट, सगळीकडून बंद अशी पेटी जोडली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा खालच्या सुरासोबत फुस्स असा आवाज येऊ लागला. हवा कुठूनतरी निसटत होती. रुखसारने उदबत्ती पेटवली आणि पेटी वाजत असताना प्रत्येक सांध्याजवळून ती फिरवली. मागच्या एका कोपऱ्यात धूर थरथरला. "सापडला," ती म्हणाली, आणि तनवीरने गोंदाची बाटली उघडली.

पेटीच्या आत कापूस भरायचा होता, म्हणजे आतला आवाज आतच मुरतो. तिथे मात्र नाना खालून काठी टेकत वर आले. रुखसार कापूस गच्च कोंबत होती, गादीला भरतात तसा. नानांनी तिचा हात धरला.

"दाबू नको, बेटी. त्याले मोकया ऱ्हाऊ दे." आणि ते खाली गेले, बऱ्याच दिवसांनी मशीन चालू केलं आणि स्वतः कापूस पिंजून दिला, ढगासारखा हलका. तो मच्छरदाणीच्या कापडात सैल बांधून पेटीत बसवला. बाहेरून रुखसारने मरून रंगाचं रेक्झीन चढवलं आणि कडेने पितळी खिळे ठोकले. सवयच ती. पेटी इतकी देखणी झाली की मंजुळाबाई पहिल्याच दिवशी तिला स्टूल समजून तिच्यावर बसल्या. रुखसारने मुद्दाम गाणं लावलं. मंजुळाबाई ताडकन उठल्या, मग हळूच पुन्हा बसल्या.

पेटी झाली. पण ती ठेवायची कुठे, हा खरा खेळ होता.

मला वाटलं होतं, जिथे जागा असेल तिथे. वरच्या खोलीत नानांची खुर्ची, समोर ते दोन स्पीकर, बाजूला गाद्या. एक कोपरा रिकामा होता, तिथे ठेवली. नानांच्या खुर्चीत बसून मी ऐकलं. एक सूर असा बोंबलला की छत हललं, आणि त्याच्या शेजारचा सूर ऐकूच आला नाही.

"कोपऱ्यात आवाज साचतो," रुखसार म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "खोलीत प्रत्येक जागी खालचा सूर वेगळा लागतो ताई. कुठे साचतो, कुठे विरतो. हितेंद्रभाऊंनी युक्ती सांगितलीय. पेटीच अब्बांच्या खुर्चीवर ठेवायची. आणि आपण रांगायचं."

"काय करायचं?"

"रांगायचं. भिंतीभिंतीने. जिथे आपल्या कानाला सगळे सूर सारखे लागतील, ती पेटीची जागा. तिथून वाजली की खुर्चीत तसंच ऐकू येणार."

तनवीरने मरून रंगाची पेटी उचलून खुर्चीवर बसवली, पाहुण्यासारखी. रुखसारने एक गाणं लावलं, ज्यात खालचे सूर पायऱ्या उतरल्यासारखे एकामागून एक येत होते. मग तिने ओढणी घट्ट खोचली आणि गुडघ्यांवर बसली. तिच्या मागे मी, साडी सावरत. कोपऱ्यात आवाज खरंच कानावर आदळत होता. भिंतीच्या मधोमध आलो तर जणू कुणी पेटी बंद केली. खिडकीखाली दोन सूर आले, तिसरा गायब. मला तोवर हे सगळं थट्टेचं वाटत होतं, पण खिडकीपाशी ते हरवणं स्वतःच्या कानाने ऐकलं आणि मी वेड्यासारखी पुढे पुढे रांगू लागले. इकडे ये, इथे ऐका, नाही गं, हातभर मागे, अशा आमच्या हाका. नाना जमिनीवरच्या तक्क्यावर बसून हसत होते.

जिन्याच्या दारापाशी रुखसार थांबली. डोकं थोडं पुढे, थोडं मागे केलं. मला हाताने बोलावलं. मी कान तिथे नेला. सगळे सूर होते. एकही वर नाही, एकही खाली नाही, पायरी न चुकता सरळ उतरत होते.

"इथे," ती म्हणाली.

"इथे दार उघडतं," तनवीर म्हणाला.

खरंच होतं. तिथे पेटी ठेवली तर दार तिच्यावर आपटणार. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. तनवीरने दाराची बिजागरी बोटाने चाचपली, खाली गेला आणि पेचकस घेऊन आला. चहा होईपर्यंत दार निघालं आणि बाहेरच्या बाजूने उघडेल असं पुन्हा बसलं. पेटी आपल्या जागी गेली.

आता उरली फेज. हा शब्द मला कळत नव्हता. रुखसार म्हणाली, ढोलकच्या घुमाऱ्यात एक मधला भाग असा असतो की तो थोडा स्पीकर वाजवतात आणि थोडा पेटी. दोघांनी तो एकाच वेळी ढकलला पाहिजे. पेटी दाराशी, स्पीकर समोर, अंतरं वेगळी, त्यामुळे एकाचा आवाज पुढे आणि दुसऱ्याचा मागे पडतो. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं की काही शिरलं नाही. तिने एक रजई ओढली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली.

"झटका. माझ्यासोबत वर."

दोघींनी एकदम हात वर नेले. रजईचं पोट फुगून छताकडे गेलं.

"आता मी वर, तुम्ही खाली."

कडा हलल्या. मधला भाग जागच्या जागी.

"हीच फेज. हात दोघींचे चालू आहेत, पण मध्ये काहीच नाही. मला आधी ही गप्प जागा शोधायचीय."

"गप्प? आपल्याला तर मोठा आवाज हवाय ना?"

"मोठ्यात माणूस फसतो. हा जास्त का तो जास्त, कळत नाही. काहीच नाही, हे मात्र चटकन कळतं. म्हणून पेटीच्या तारा मुद्दाम उलट्या लावायच्या, आणि अॅम्प्लिफायरवरची फेजची कळ फिरवत जिथे आवाज मरतो तिथे थांबायचं. मग तारा सरळ केल्या की दोघं बरोबर सोबत."

हे ऐकायला नानांपेक्षा चांगले कान कुणाचे असणार? आमचे कान बारीक खरखरीकडे जात होते, त्यांना त्यातलं काही ऐकूच येत नव्हतं. ते खुर्चीवर बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. रुखसारने एकच सलग जाड सूर लावला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसा. ती पेटीमागे बसली आणि कळ फिरवू लागली.

"शे," नाना म्हणाले. "शे. अजून शे. कमी व्हयना."

रुखसारचं बोट थांबत थांबत फिरत होतं. सूर पातळ झाला, मग दूर गेला, शेजारच्या घरात वाजतोय असा.

"बठ्ठा गया," नाना म्हणाले.

"गेला? पूर्ण?"

"काहीच नही."

तिने घाईने तारा काढल्या, फिरवून लावल्या. नानांची पाठ खुर्चीला टेकली होती, ती सरळ झाली. त्यांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला.

"आते उना," ते म्हणाले. "आठे उना. छातीमा."

"आला!" म्हणत रुखसार पेटीमागे तशीच जमिनीवर बसून हसत होती. तनवीरने कळीवर पेन्सिलने बारीकशी खूण केली. मग तिने हितेंद्रला फोन लावला आणि म्हणाली, पुढच्या रविवारी धुळ्याहून या, सगळ्यांना ऐकवायचंय. नानांनी कव्वाली त्या दिवशीच ऐकायची असं तिने ठरवलं. नानांनीही मान्य केलं, जरा कुरकुरतच.

शनिवारी एक टेम्पो आला. धुळ्याच्या एका मंगल कार्यालयाला तातडीने गाद्या हव्या होत्या. लग्नसराई तोंडावर होती, आणि रुखसारने खुशीने सगळ्या थप्प्या खाली उतरवल्या. रविवारी सकाळी मी वर गेले तेव्हा खोली रिकामी, मोठी, उजळ दिसत होती. रुखसार मध्ये उभी होती, कमरेवर हात.

"ऐका," ती म्हणाली आणि गाणं लावलं.

बूंऽऽ. प्रत्येक सूर येत होता आणि जात नव्हता. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, सगळा गाळ. त्याच जागी तीच पेटी, कळ त्याच खुणेवर.

"कोपऱ्यांतल्या थप्प्या हा आवाज पीत होत्या," रुखसार म्हणाली. "एवढा जाड कापूस. मी गाद्या विकल्या ताई, आणि खोलीच बदलली."

"खालून कापूस आणू?" तनवीरने विचारलं.

"आहे कुठे? सगळा त्याच ऑर्डरीत गेला."

हितेंद्रची बस धुळ्याहून निघाली होती. नाना खाली पांढरा सदरा घालून तयार बसले होते. मला वाटलं, ती आता पुढच्या रविवारवर ढकलेल. ती खिडकीशी गेली आणि गल्लीकडे बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकली होती.

"ती माझीच आहे," ती म्हणाली. मग वळून म्हणाली, "गाद्या गल्लीतच आहेत की सगळ्या. प्रत्येक घरात."

तिने खिडकीतूनच मंजुळाबाईंना हाक मारली. मंजुळाबाईंनी कारण ऐकलं, पेटीचं नाव निघताच पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. अर्ध्या तासात जिन्यावर रांग लागली. डोक्यावर गादी घेतलेली माणसं, दोघी मिळून एक गादी ओढणाऱ्या बाया, कुणी नुसत्या उशा घेऊन. रुखसार दारात उभी राहून प्रत्येक गादीवर हात फिरवत होती. "ही जीवरामभाऊंची, सावरीच्या कापसाची, मध्ये ठेवा. ही पातळ झालीय, पिंजायला टाका काकू, आज राहू दे." दार बाहेर उघडत असल्याने मोठ्या गाद्या सरळ आत येत होत्या. तनवीर ते बघून एकदा माझ्याकडे पाहून हसला.

हितेंद्र जिन्यावर चढला तो एका गादीच्या मागेच. पुढचा माणूस दमला म्हणून त्याने तिला खांदा दिला आणि गादीसकट खोलीत आला. कोण पाहुणा, कोण यजमान, काही कळेना. चारही कोपरे छतापर्यंत भरले. रुखसारने गाणं लावलं. सूर आले आणि वेळेवर निघून गेले. हितेंद्रने कान टवकारून ऐकलं, रुखसारकडे पाहिलं. तिने तारा पुन्हा उलट्या केल्या, नानांना वर बोलावलं आणि ती गप्प जागा पुन्हा शोधली. ती पेन्सिलच्या खुणेपासून केसभर सरकली होती. तिने तारा पुन्हा सरळ लावल्या.

मग कव्वाली लागली. सगळे भिंतीला, गाद्यांना टेकून बसले होते. नानांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटले. ढोलक सुरू झाली तेव्हा ती ऐकू आली म्हणण्यापेक्षा खोलीत येऊन बसली. माझ्या पायाखालची फरशी बोलत होती. नानांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आधी चाचपडत, मग ठाम. गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यांनी हात वर केला. रुखसारने घाईने थांबवलं.

"काय झालं अब्बा?"

"यामा दोन ढोलक शेतस," नाना म्हणाले.

रुखसारने लहानपणापासून ही कव्वाली ऐकली होती. ती नाही म्हणाली, एकच आहे. नानांनी मान हलवली, पुन्हा लाव म्हणाले. हितेंद्र पुढे सरकून जमिनीवर बसला. तिने पुन्हा लावलं. आता आम्ही सगळेच शोधत होतो. एक ढोलक पुढे, चढी, आपली नेहमीची. आणि तिच्या खूप खाली, मागे, दुसरी, जाड चामड्याची, फक्त सम आली की एक थाप देणारी.

"आहे," हितेंद्र म्हणाला. "अरे, खरंच आहे. इतकी वर्षं मी हीच लावतो कार्यक्रमात."

रुखसार वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि दुसरी ढोलक आली की त्यांच्या खांद्यावर थाप देऊ लागली. नाना दर वेळी तिच्या आधी मान हलवायचे.

त्यानंतर कुणी उठायलाच तयार नव्हतं. मंजुळाबाईंना भजनातला पखवाज ऐकायचा होता, जीवरामभाऊंना लग्नातला बँड. खिडकीची काच एका सुरावर थरथरू लागली तर तनवीरने तिच्यात कागदाची घडी खोचली. हितेंद्र पेटीभोवती फिरून फिरून खिळे मोजल्यासारखं बघत होता, आणि शेवटी म्हणाला, माझ्यासाठी एक बनव. रुखसार म्हणाली, आधी आमची दुसरी. दोन पेट्या दोन जागी ठेवल्या की खोलीत कुठेही बसा, सारखंच ऐकू येतं म्हणतात. तिने ते कुठे वाचलं होतं देव जाणे, पण आताच तिची नजर समोरच्या भिंतीवर फिरत होती.

संध्याकाळी गाद्या घरोघर परत गेल्या आणि त्यात थोडा घोळ झाला. मंजुळाबाईंच्या पलंगावर जीवरामभाऊंची गादी आली. ती इतकी मऊ निघाली की आता त्या परत द्यायला तयार नाहीत, आणि जीवरामभाऊंना नवी बनवून देण्याचं काम रुखसारकडे आलंय. ते ती करेलच. काल तिचा फोन आला होता, रविवारी मोकळ्या आहात का म्हणून. जळगावला जायचंय. नानाही येणार आहेत म्हणाली, दुसरा स्पीकर ते स्वतः ऐकून निवडणार आहेत.